धाकटीचा टेम्पो

४ मार्च
धाकट्या जावेच्या फोनवर रोज सकाळी बाजारभाव येतात! कुठल्या बाजारात फ्लॉवरला काय भाव, सगळं. महिन्याचे पैसे भरते म्हणे. काल तिचा माल लांबच्या बाजारात हातोहात खपला. आमचा जवळच्या बाजारात पडून राहिला, गड्डे पिवळे पडले. हे म्हणतात, "आपणही घेऊ की!" घ्या! म्हणजे ती गावभर सांगायला मोकळी — ताई माझंच बघून करतात.

७ मार्च
भाव कळवणाऱ्या त्या कंपनीची मुलगी विचारायला आली. भाव कळवले तर महिन्याला किती द्याल? म्हटलं, "दमडीसुद्धा नाही." तेवढ्यात धाकटी तिच्यासाठी पाणी घेऊन आली. माझ्या घरात! हिला कोणी बोलावलं होतं?

८ मार्च
युक्ती सापडली! सकाळी ओट्यावर भाजी निवडत बसायचं. धाकटीचा टेम्पो फाट्यावरून उजवीकडे वळला तर लांबचा बाजार, डावीकडे वळला तर जवळचा. आमचा त्याच्या मागोमाग. पैसे तिचे, भाव आमचा!

१५ मार्च
आठवडाभर चांगला भाव मिळतोय. तरी जळफळाट काही जात नाही. तिचा माल आधी पोचतो, आधी विकला जातो.

१९ मार्च
तिच्या टेम्पोचं चाक आमच्याच दारात पंक्चर झालं. ड्रायव्हरला टोमणा मारला, "रोज इकडून कशाला हो? कालव्याचा रस्ता जवळचा ना?"
"जवळचाच. पण बाईंनी सांगून ठेवलंय — ताईंच्या दारावरून जा, वळताना हॉर्न दे. त्यांना कळू दे."

दया! माझ्यावर! मी गुपचूप बघतेय असं समजत होते आणि ती मला घास भरवत होती. दिवसभर जेवण गेलं नाही. संध्याकाळी ह्यांच्या मागे लागून पैसे भरले. आता भाव माझ्या फोनवर येईल. माझ्या!

२२ मार्च
धाकटीने सेवा बंद केली. ह्यांना म्हणाली, "ताईंनी घेतलीय ना, मग एका घरात दोनदा पैसे कशाला? आता आम्ही तुमच्या मागे."
एका घरात! वाटणी होऊन किती वर्षं झाली, आणि म्हणे एका घरात.

२३ मार्च
लांबच्या बाजारात दुप्पट भाव. ह्यांना म्हटलं, आज फाटा टाळून कालव्याच्या रस्त्याने न्या. ह्यांनी गाडी वळवली.
धाकटीचा भरलेला टेम्पो दुपारपर्यंत फाट्यावर उभा होता.