आतून मोडलेली पेन्सिल

१२ जुलै

चि. ढब्बूस,
ताईचे अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो आणि ते त्याच्याहून जास्त कुरकुरतात, एवढंच. तुझी पाठ कशी आहे?

आता मुद्द्याचं. यंदा शाळेसाठी मी मुद्दाम तुमच्याच कारखान्याच्या पेन्सिली मागवल्या. शिक्षकांच्या बैठकीत ऐटीत सांगितलं, माझा धाकटा भाऊ तिथे फोरमन आहे, माल डोळे मिटून घ्या. त्यांनी घेतला, आणि आता सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. मुलं टोक काढतात, एक ओळ लिहितात आणि शिसं गळून पडतं. पुन्हा टोक काढावं तर पुन्हा तेच. दुपारपर्यंत हातात बोटभर थोटूक उरतं आणि वर्गात सालपटांचा सडा. दुसरीच्या बाईंनी मला विचारलं, तुमचा भाऊ पेन्सिली करतो की सालपटं. मी हसले, पण जिव्हारी लागलं.

मुख्याध्यापिका म्हणून कारखान्याला रीतसर तक्रार पाठवली आहे. बहीण म्हणून तुला विचारते, हे काय चाललंय?

माया आहेच. उत्तर लवकर आलं तर ती आणखी वाढेल.

तुझी
ताई

१९ जुलै

ती. ताईस,
ढब्बूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. म्हटलं, पोरं दप्तरं आपटत असणार. शिसं म्हणजे शेवटी ग्राफाइट आणि चिकणमाती मळून काढलेली बारीक काडी. भट्टीत भाजली, मेणात बुडवली, तरी काडीच ती. आपटली की लाकडाच्या आत मोडणारच. असं लिहायलाही बसलो होतो. मग आठवलं की वाचणारी तू आहेस, आणि गोदामात जाऊन यावं असं ठरवलं.

न आपटलेल्या, कोऱ्या पेन्सिली घेतल्या आणि करवतीने उभ्या चिरल्या. शिसं आत सैल, खुळखुळ्यासारखं. आमच्याकडे लाकडाच्या पट्टीला खाचा पाडतात, खाचेत गोंद लावून शिसं बसवतात, वर दुसरी पट्टी ठेवतात आणि सगळं दाबयंत्रात आवळून ठेवतात. गोंद पुरता वाळला की शिसं लाकडाला धरून राहतं. मग त्याच्या पेन्सिली कापतात. माझा विभाग रंगाचा. आमच्याकडे येते तोवर पेन्सिल गुळगुळीत झालेली असते आणि आम्ही तिला आणखी देखणी करून पुढे ढकलतो. आत काय आहे ते आम्हाला कुणी विचारत नाही.

दाबयंत्रावरच्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, नव्या व्यवस्थापकांचा हुकूम आहे, पट्ट्या लवकर बाहेर काढा. या गृहस्थांना आम्ही घाईसाहेब म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की ओला राहिलेला गोंद ट्रकमध्येही वाळू शकतो.

उद्या मालकांकडे जातो. तुझी भावजय म्हणते, तुम्हाला कुणी सांगितलंय. मी म्हटलं, ताईने.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझा
ढब्बू

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार खुर्चीतून, तोही फिरत्या.

मालकांनी चिरलेली पेन्सिल पाहिली, हळहळले, माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, गुणवत्तेची इतकी कळकळ असलेला माणूस रंगात वाया जातोय. त्यांनी मला बढती दिली. आता मी वरच्या मजल्यावर ग्राहक समाधान अधिकारी आहे. खिडकी आहे, पंखा आहे, दारावर पाटी आहे. तुझ्या भावजयीने दोन पांढरे सदरे आणले, एक अंगात घालायला आणि एक शेजाऱ्यांना दिसेल असा वाळत घालायला.

काम सोपं आहे. तक्रारींना उत्तर म्हणून घाईसाहेबांनी एक मजकूर तयार करून ठेवलाय, त्याखाली मी सही करायची. सह्यांचा ढीग इतका की वाचायला उसंत नाही. दाबयंत्राचं काय, असं मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, तेही बघू, आधी तुम्ही नीट बसा.

तेव्हा नीट बसलो आहे. कौतुकाचे दोन शब्द धाड.

तुझा
ढब्बू

१६ ऑगस्ट

श्री. ग्राहक समाधान अधिकारी यांस,
ताईचे आशीर्वाद, सवयीने.

तुमच्या कार्यालयाचं पत्र मिळालं. पेन्सिली निर्दोष आहेत, विद्यार्थी अवाजवी जोर देतात, त्यांना हलक्या हाताने लिहायला शिकवावं, असं त्यात म्हटलंय. खाली तुझी सही आहे. लहानपणी मी तुला गिरवायला शिकवलं तेव्हा त्या अक्षराचा असा उपयोग होईल हे ध्यानात आलं नव्हतं.

पत्र बैठकीत वाचलं गेलं आणि दुसरीच्या बाईंनी ते मनावर घेतलं. आता रोज हलक्या हाताचा सराव असतो. वह्या इतक्या पुसट झाल्या आहेत की चष्मा लावून, खिडकीशी धरूनही काही दिसत नाही. वर्गात एक शिंप्याची मुलगी आहे, पूर्वी कागद फाटेल इतकं ठसठशीत लिहायची. शिसं मोडलं की ओरडा बसतो म्हणून तिने लिहिणंच सोडलं. काल कोरा कागद दिला. मी जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, गणितं मनात केली आहेत, मनात मोडत नाहीत.

ढब्बू, तुझ्या बढतीचा मला आनंदच व्हायचा होता. कौतुकाचे शब्द जुळवायला बसले, ते जुळले नाहीत.

तुझी
ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस,
ढब्बूचा सा. न., या वेळी उभ्या उभ्या.

तुझं पत्र वाचलं आणि खिशातली पेन्सिल काढून त्या दिवसापासून प्रत्येक शाळेला हाताने उत्तर लिहिलं, की मुलांची काही चूक नाही, गोंद वाळायच्या आत आम्ही पट्ट्या काढल्या, माल परत पाठवा. ती पेन्सिल आमचीच होती. मोडत गेली, मी टोकं काढत गेलो.

शाळांनी माल परत पाठवला. खोक्यांनी आवार भरलं, मालकांची गाडी आत येईना, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, खरं बोलण्याबद्दल त्यांची तक्रार नाही, पण ते कारखान्याच्या छापील कागदावर कशाला. शिक्षा म्हणून मला खाली पाठवलं, तेही रंगात नाही, दाबयंत्रावर. तिथे उकडतं आणि गोंदाचा वास नाकातून जात नाही. गोंद वाळू द्यायची वेळ मात्र घाईसाहेबांच्या आधीसारखी केली आहे, कारण आवारात आणखी खोकी मावणार नाहीत. वरच्या खुर्चीत आता घाईसाहेब बसतात. त्यांचा मजकूर त्यांना तोंडपाठ असल्यामुळे काम झपाट्याने चालतं.

परत आलेल्या पेन्सिली फेकल्या असतील असं तुला वाटेल. त्यांना सोनेरी रंग दिला आणि मोठमोठ्या कार्यालयांना टेबलावर ठेवायला विकल्या. एकही तक्रार नाही. तिथे टोक कुणी काढतच नाही.

तुझी भावजय अबोला धरून आहे. पांढरा सदरा तेवढा अजून वाळत घालते.

नव्या पेन्सिलींचं खोकं सोबत पाठवतोय. आवळून ठेवलेल्या पट्ट्या मी स्वतः मोकळ्या केल्या, गोंद वाळल्यावर. त्या मुलीला सांग, कागद फाटला तरी चालेल. या मोडणार नाहीत, म्हणजे शाळेकडून आता कारखान्याला पत्र यायचं कारण उरलं नाही. तू मात्र लिहीत जा.

तुझा
ढब्बू