काळ्या मॉरिसचा चौथा मालक

हे वाचणाऱ्या माझ्या घरच्या विसराळूंनो, आधी चष्मा शोधा. जितेश, तुझा कपाळावर आहे. गॅस बंद केला का ते एकदा बघून या, मग सगळे एका जागी बसा. तुम्हाला कालचं आज आठवत नाही, म्हणून मला हे कागदावर घ्यावं लागतंय.

मी, बायजा कान्हू घरत, कागदोपत्री वय एकोणऐंशी (खरं वय आईला माहीत होतं, ती कुणाला न सांगताच गेली), राहणार जिते, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या धाकाने किंवा कुणाच्या गोड बोलण्याला भुलून नव्हे, तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझा नातू सुजय गेला महिनाभर माझ्याशी फार गोड बोलतो आहे, हेही इथे नोंदवावे. मला अक्षर येत नाही. लिहिणारी मृणाली ही पेणची वकील आहे, आमच्या नात्यातली नाही. मी बोलते ते ती नीटनेटकं करते, आणि "आजी, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत" असं म्हणाली की मी ते दोनदा लिहायला लावते.

माझं डोकं ठिकाणावर आहे हे डॉक्टरांनी आज सकाळी तपासलं. आज वार कोणता, असं विचारलं. मी म्हटलं मंगळवार, आणि तुमच्या शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलंय. त्यांनी लगेच दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

१. जिते येथील घर माझा मुलगा जितेश याला. त्याची बायको प्रणिता हिला विचारल्याशिवाय त्याने ते विकू नये, गहाण टाकू नये आणि निळा रंग तर अजिबात देऊ नये.

२. घरामागचं जिताड्याचं तळं सुजयला. त्याला मासा कळतो. माणसं कळायला अजून वेळ आहे.

३. माझ्या चार पाटल्या प्रणिताला. माझा पाटा शेजारच्या नमिताने तिच्या मुलीच्या बारशाला नेला तो परत आणला नाही. आता ती मुलगी कॉलेजात आहे. तो पाटा नमितालाच दिला असे समजावे, पण तिला तसं स्पष्ट सांगावं. फुकट मिळाला असं तिला वाटू नये.

४. आता मोटार. इथे बसून ऐका, पाणी प्यायला उठू नका.

पडवीत ताडपत्रीखाली जी काळी मॉरिस मोटार उभी आहे, जिच्या नंबरपाटीवर शेवटी बदकासारखा आकडा आहे, ती मी माझी नात नूतन हिला देणार होते. सुजयला ती अलिबागच्या बाजूच्या एका हॉटेलवाल्याला विकायची आहे. तो माणूस तिचं इंजिन काढून बॉनेटमध्ये गुलाबाची झाडं लावणार आहे म्हणे. नूतन रोह्याला कंपनीत शिफ्ट करते आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली झोपते. तिने इंजिन उलगडलं, पुसलं, पुन्हा जोडलं, आणि दिवाळीत ते खोकत खोकत चालू झालं. तेव्हा पडवीतल्या कोंबड्यांपेक्षा मी जास्त दचकले, कारण त्या आवाजासरशी मी चुलीवर दोन कप चहाचं आधण ठेवलं होतं. एक माझा, एक कान्हूचा.

जुन्या गाड्यांची आता वेगळी नोंद होते, त्याला पहिल्यापासूनचे मालक आणि भरलेला रोड टॅक्स दाखवावा लागतो, म्हणून नूतनने कागद शोधायला घेतले. तिने काढलं ते असं.

पहिला मालक मुंबईचा एक डॉक्टर. त्याच्याबद्दल एवढंच कळलं की तो कर वेळेवर भरायचा. दुसरा मालक एक तंबूतला सिनेमावाला. हा गाडीच्या टपावर भोंगा बांधून गावोगाव आज कुठला खेळ आहे ते ओरडत फिरायचा. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. टपाला दोन भोकं आहेत. कान्हूने डांबर भरलं, मेण भरलं, तरी गळायची ती गळायचीच. आमची गाडी लग्नाला जायची, आणि मी मागे नवरीच्या शेजारी पितळी वाटी धरून बसायची, थेंब पदरावर पडू नये म्हणून. पेणपासून रोह्यापर्यंत निदान दोनशे नवऱ्या मी अशा कोरड्या पोचवल्या. भोकं कशाची, हे चाळीस वर्षांनी कळलं.

तिसरा मालक पोपट शेडगे, रोह्याचे भातगिरणीवाले. कान्हू त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. त्याआधी तो धरमतरला बार्जवर मीठ चढवायचा, आणि मी मिठागरात डोक्यावर टोपली घेऊन. मिठाने माझ्या टाचांना भेगा पडल्या म्हणून त्याने गाडी चालवायला शिकून घेतलं. ते त्याने मला कधी सांगितलं नाही, पोपटभाऊंनी सांगितलं. एकोणीसशे एकोणऐंशी साली पोपटभाऊंनी जीप घेतली आणि मॉरिस कान्हूला दिली. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. व्यवहार कुंडलिकेच्या काठावर झाला. नारळ फोडला, एक वाटी त्यांनी ठेवली, एक आम्हाला दिली, कान्हूने चाकाला हळद लावली, आणि गाडी आमची झाली. गाडीच्या आरसी पुस्तकात नाव बदलायचं असतं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. नारळ फोडल्यावर आणखी कसली सही, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं. कर पोपटभाऊंच्या नावाने निघायचा, कान्हू रोह्याला जाऊन पैसे द्यायचा आणि कराचं गोल टोकन घेऊन यायचा. जाताना हातात तळ्यातला जिताडा असायचाच. रिकाम्या हाताने तो त्या घरी एकदाही गेला नाही.

ते टोकन काचेवर लावायचं काम माझं. अक्षर येत नसलं तरी रंग येतात. रंग बदलला की मी म्हणायची, तीन महिने गेले गो बायजा.

शहाऐंशी सालच्या भादव्यात कान्हू तापाने गेला. तेराव्याला पोपटभाऊ आले. माणसं बसलेली, आणि हे दारातच बोलले, "वहिनी, गाडी माझ्या नावावर हाय—"

पुढचं मी बोलू दिलं नाही. मी म्हटलं, "राख थंड झाली नाय आणि गाडी न्यायला आलात व्हय? हात लावा गाडीला, मग बघते." सगळ्यांदेखत म्हटलं. ते टोपी हातात घेऊन परत गेले.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी रोह्याहून पाकीट यायचं. मला वाटलं, नोटीस. गाडी द्या नाहीतर कोर्टात या, असलं काहीतरी. मी ते न फोडता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. जितेश तेव्हा शाळेत होता, त्याला वाचता येत होतं. त्याला म्हटलं, पाकिटाला हात लावशील तर जेवण बंद. जन्मात माझं एवढं एकच त्याने ऐकलं. अकरा वर्षांनी पाकिटं यायची थांबली. मी म्हटलं, जिंकले. ह्या जिंकण्याच्या नादात रोह्याचा पोहासुद्धा मी घरात आणू दिला नाही. पोपटभाऊ दोन हजार नऊला गेले. मी मयताला गेले नाही.

गेल्या पौषात नूतन आरटीओच्या ऑफिसातून उतारा घेऊन आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "आजी, चौथा मालकच नाय पुस्तकात. गाडी अजून शेडग्यांच्याच नावावर हाय. आणि आजोबा गेल्यावरचा सगळा कर भरलेला हाय. कोणी भरला गो?"

मी बिस्किटांचा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने एकेक पाकीट फोडलं. त्रेचाळीस पाकिटं. प्रत्येकात एक गोल टोकन, आणि बहुतेकांत तीच एक चिठ्ठी. नूतनने वाचली: "वहिनी, टोकन काचेवर लावणे. गाडी आठवड्यातून एकदा चालू करणे, बॅटरी उतरते. पोपट." टोकनं चटईवर पसरली तर कासाराचं दुकान मांडल्यासारखी दिसली. एकही रंग मी काचेवर लावला नव्हता.

शेवटच्या पाकिटात जरा मोठी चिठ्ठी होती. "आता कर एकदाच भरायचा झाला, तो भरला. यापुढे पाकीट येणार नाही. गाडी कान्हूच्या माघारी तुमच्या नावावर करायची राहिली, तेच त्या दिवशी सांगायचं होतं. मी येऊ का?"

ह्या "येऊ का"ला मी अठ्ठावीस वर्षं उत्तर दिलं नाही. मृणाली, हे वाक्य खोडू नको. कायद्यात बसत नसलं तरी राहू दे.

५. मग मागच्या बुधवारी मी आणि नूतन जित्याहून आगगाडी पकडून रोह्याला गेलो. पोपटभाऊंची बायको काशीबाई दारात वाल सोलत बसली होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, डोळे अधू झालेले.

"कोण गो?"

"मी कान्हूची बायजा."

तिने हातातला वाल सोलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "लवकर आलीस. बस. च्या टाकते."

मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारायचे ना. दर खेपेला पाकीट चिकटवताना विचारायचे, जाऊ का गो पेणला? मी म्हणायची, हाकलून दिलंय ना, मग बोलावल्याशिवाय जायचं नाय. तुझं नाव काढलं की मी भांडी आपटायची."

"माझ्यामुळं भांडी फुटली म्हण."

"पितळेची होती, म्हणून वाचली."

हसता हसता आम्हा दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं. नूतनने त्यात नाक खुपसलं नाही, ती खाली बघून वाल सोलायला लागली. पोरगी शहाणी आहे.

काशीला आता फार विसरायला होतं. नूतनचं नाव तिने तीनदा विचारलं. पण गाडीचं सगळं आठवतं: पुढचं डावं दार वर उचलून लावावं लागतं, हेसुद्धा. गाडी नूतनच्या नावावर करायला वारस म्हणून काशीची सही लागते. नूतनने फॉर्म पुढे केला. काशीने तो घडी घालून उशाखाली ठेवला. "करते गो सही, घाई काय हाय?" म्हणाली, आणि आम्ही निघताना माझ्या पिशवीकडे दोनदा बघितलं. ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. सहा दिवस झाले, सही आलेली नाही. ती सही झाली नाही तर गाडी माझी नव्हतीच, आणि हे कलम म्हणजे हवेत मारलेली रेघ. मग सुजयचा हॉटेलवाला काशीच्या मुलाकडे जाईल, आणि गुलाबाची झाडं लागतील.

६. सही झाली तर: मोटार नूतनला. पत्र्याचा डबा, सगळ्या टोकनांसकट, नूतनलाच. गाडीला पुढून मारायचं लोखंडी हँडल मात्र सुजयला. बॅटरी उतरणार, ती उतरतेच. तेव्हा नूतनने सुजयला हाक मारावी आणि सुजयने यावं. "येऊ का" असं विचारत बसू नये. बोलावलं नाही तरी यावं.

७. मृणाली म्हणते, मेलेल्या माणसाच्या नावावर गाडी चढत नाही, म्हणून कान्हूचं नाव त्या पुस्तकात आता कधीच येणार नाही. तर मग ते इथे लिहिते आहे. काळी मॉरिस, एकोणऐंशी ते शहाऐंशी, मालक कान्हू धर्मा घरत, धंदा लग्नाची गाडी. त्या सात वर्षांत एकाही नवरीला उशीर झाला नाही.

८. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रणिताने करावी. घरात विसरत नाही अशी ती एकटीच आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी मृणालीने माझे शब्द सौम्य केले होते, ते पुन्हा होते तसे करून घेतले. मग अंगठा उठवला.

बायजा कान्हू घरत, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार पहिला: रघू पांडुरंग ठाकूर, जिते (सही)
साक्षीदार दुसरी: नमिता निकेश पाटील, जिते (सही, पाट्याचं कलम वाचून केली)
स्थळ: जिते, तालुका पेण
दिनांक: ४ मार्च २०२५, मंगळवार

अंगठा दिल्यावर सुचलेलं, म्हणून खाली जोडलं, आणि खाली पुन्हा अंगठा दिला, त्याच साक्षीदारांसमोर:

अंगठ्याची शाई पुसायला मी पिशवीतलं फडकं काढलं, आणि पिशवी रिकामी बघून डोक्यात लख्ख पडलं. तुम्हाला सगळ्यांना विसराळू म्हणून मी ही सुरुवात केली, आणि एकोणचाळीस वर्षांनी त्या घराची पायरी चढले ती रिकाम्या हाताने! काशी फॉर्म दाबून बसलेली नाही, ती वाट बघते आहे.

बाकीची कलमं मी गेल्यावर उघडा. हे आजचं आहे. सुजय, उद्या बुधवार, खायचा वार. पहाटे तळ्यात जाळं टाक. जिताडा हाताच्या कोपरापर्यंत भरेल एवढा हवा, लहान निघाला तर सोडून दे आणि दुसरा धर. कापू नको, काशीला स्वतः कापायला आवडतं. ओल्या फडक्यात गुंडाळ, वर आमसुलं आणि दोन भाकऱ्यांचं नवं तांदळाचं पीठ ठेव, आणि नूतनला बरोबर घेऊन सकाळच्या गाडीने रोह्याला जा. डोकं काशीला एकटीलाच खाऊ दे. शेपटाकडची एक तुकडी मात्र माझ्यासाठी मागून आण.