काकूंच्या नावाने काकांची थुंकी

ती. आत्यास नमस्कार. गुडघ्यांची चौकशी करत नाही. ते तुझं ऐकत नाहीत, माझं काय ऐकणार?

“हात फक्त पिणाऱ्याचे थरथरतात,” असं तू फार वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात, बाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होतीस. (तेव्हा तुझ्याही हातातला कप बशीवर वाजत होता, आणि तू थेंबसुद्धा कधी घेतला नव्हतास. असो.) आमची प्रयोगशाळा अशाच, घराण्यातून उतरणाऱ्या थरथरीचं मूळ शोधते. काहींची थरथर दोन घोटांनी तेवढ्यापुरती थांबते, म्हणून ते पितात, आणि मग पीतच राहतात. बाबांचं आपण उलटं समजलो, याची मला खात्री आहे. ते आता नाहीत, पण तुझ्यात आणि माझ्यात एकच खोट सापडली, तर ती त्यांच्यातूनच माझ्याकडे आली असणार. त्यासाठी घरच्यांची थुंकी हवी.

काकांकडे ते, काकू आणि त्यांचा मुलगा अशा तिघांसाठी तीन नळ्या पाठवल्या. परवा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, “तुमच्या काकू पुरुष आहेत का?” (तिन्ही नळ्यांत माणूस एकच निघाला होता.) फोन केला तर काका म्हणाले, “अगं, ही दोघं लाजत होती. म्हटलं, घरचंच काम, मीच भरतो तिन्ही. मला येतेही भरपूर.” मागून काकू म्हणाल्या, “यांचं बोलणं कधी संपलं नाही, थुंकी काय संपणार.” त्यातून काकांचा हात खुंटीसारखा स्थिर, म्हणजे तिप्पट थुंकी मिळूनही माझं काम अडलेलंच.

उरलीस तू. सोबत नळी आहे. आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नकोस, रेषेपर्यंत भर, आणि स्वतःच भर. शेजारीण देते म्हणाली तरी घेऊ नकोस.

तुझी भाची

ता. क. नळी तू कपाटात ठेवशील आणि हरवली म्हणशील. चालेल, दुसरी पाठवीन.

पुन्हा ता. क. हे पत्र टाइप केलंय, कारण हल्ली माझं अक्षर मलाच लागत नाही. (मी काहीही घेत नाही.) मी घाबरलेली नाही, काय असेल ते मला ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. बाबा एकदा त्यांच्या दारापर्यंत एकटे जाऊन परत फिरले होते, असं आई सांगते. तू माझ्याबरोबर येशील? दवाखान्याची पायरी तू चढत नाहीस, आणि ‘तुला काही झालेलं नाही’ एवढंच लिहून मोकळी होशील, हे धरून चालले आहे. तरी ये.