आडातली ऊब

३ नोव्हेंबर

शेगडीला सील! धुराडं साफ करणारा आला, बॅटरी मारून वर पाहिलं आणि ब्रश न लावताच मागे सरकला. "बाई, आतून तडा गेलाय. धूर घरातच मुरतोय. ही पेटवून झोपलात तर एक दिवस उठायच्याच नाही." शेगडीच्या दाराला तार गुंडाळून, वर शिसं दाबून गेला. अर्धी गोणी कोळसा तसाच पडलाय.

म्हणजे आईंचा खोकला निव्वळ म्हातारपणाचा नव्हता तर.

आई कोट चढवून, पायांवर रजई घेऊन खुर्चीत. म्हणतात, "बरं झालं. जन्मभर तिची राख मी उपसली, शेवटी तिनेच राजीनामा दिला."

५ नोव्हेंबर

आईंच्या मुलाचा फोन. ('माझा नवरा' असं लिहायची सवय सुटली एकदाची!) शेगडीचं त्याला कुठून कळलं कोण जाणे. "आई, इकडे ये. इथे खोलीखोलीत हीटिंग आहे. महिनाअखेरीला न्यायला येतो." फोन स्पीकरवर. मी बर्फासारख्या पाण्यात भांडी घासत होते. आई म्हणाल्या, "बघू."

बघू!

तो घर सोडून गेला तेव्हा आई त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. लोकांनी तोंडात बोटं घातली — मुलगा गेला आणि सासू सुनेजवळ राहिली! मी कधी कारण विचारलं नाही. विचारलं, त्या विचार करायला लागल्या, आणि कारण सापडलंच नाही तर? त्याच्या दुसऱ्या बायकोला मी एकदाच पाहिलंय, कोर्टाच्या जिन्यात. तिने मान वर केली नाही. मीही नाही.

घर तापवायला हवं. महिनाअखेरच्या आत.

८ नोव्हेंबर

शेजाऱ्यांचा हीटर मागून आणला. समोर बसलं की गुडघे भाजतात, पाठ गोठलेलीच. आई वैतागल्या. "मी काय वांगं आहे का, फिरवून फिरवून भाजायला?"

दुकानदार म्हणतो, विजेचा बॉयलर घ्या, भिंतींवर गरम पाणी खेळवणारे रेडिएटर लावा, आंघोळीला वेगळा गीझर. सोपं काम. वायरमनला दाखवलं तर त्याने मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे सगळं एकदम चालू केलंत तर मीटर हात टेकेल. आणि बिल आलं की तुम्ही."

तोवर पातेल्यात पाणी तापवायचं, एक एक बादली. आधी त्या, मग मी. माझी पाळी येईस्तोवर पाणी कोमट.

९ नोव्हेंबर

आईंची बोटं सकाळी पांढरीफटक. चोळत बसले.

११ नोव्हेंबर

दुसऱ्या दुकानात एक चष्मेवाली मुलगी आहे. तिने आणखी एक प्रकार दाखवला — हीट पंप. बाहेर पंख्याची पेटी, आत पाण्याची टाकी, भिंतींवर रेडिएटर. घरही तापतं, आंघोळीचं पाणीही. मी विचारलं, ऊब येते कुठून? म्हणाली, "बाहेरच्या हवेतून."

बाहेरच्या! आज डबकी गोठली होती!

घरी येऊन सांगितलं. आई खूप हसल्या, हसता हसता खोकल्या. "अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ती मुलगी गंडवत असावी.

१२ नोव्हेंबर

काय पाहिलं मी आज! आणि रोज पाहत होते!

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी नऊ वर्षं सफरचंदांच्या पेट्या मोजतेय. आत एवढी थंडी की पेन चालत नाही, पेन्सिल लागते. जेवायच्या सुट्टीत आम्ही सगळ्याजणी मशीनघराच्या मागे जाऊन बसतो, कारण तिथल्या पंख्यांतून गरम वारा येतो. डबे तिथेच ठेवतो, ओले मोजे तिथेच वाळवतो. आज घास हातात घेतला आणि तसाच राहिला. ही ऊब कुणाची? इथे तर काही जळत नाही!

ही सफरचंदांची ऊब आहे. मशीन ती आतून उपसतं आणि इथे आणून ओततं. आधीच थंडगार असलेल्या सफरचंदांतूनही काढतं — दिवसरात्र काढतं — तरी निघतेच! म्हणजे गार वस्तूतही ऊब असते. वीज फक्त हमाली करते, इकडची तिकडे नेऊन टाकते, म्हणून थोडीच लागते.

बाजूला जेवणारी म्हणाली, "जेव की! भूत पाहिलंस का?"

हात त्या वाऱ्यात धरून उभी राहिले. नऊ वर्षं! डोळ्यांत पाणीच आलं. वेडी म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं नाही.

घरी पोचताच चपला न काढता सांगितलं, "आई, आडात आहे! आपल्याला दिसत नाही एवढंच!" सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग फ्रिजच्या मागे हात घालून बराच वेळ उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर

चष्मेवाली मुलगी टेप घेऊन घरी आली. खिडक्यांच्या फटींवरून ओला हात फिरवत गेली. "आधी या बुजवा, नाहीतर गल्ली तापवत बसाल." रेडिएटर मोठे लागतील, कारण हे पाणी उकळतं नसतं, नुसतं गरम. हात लावून "अरे, चटका बसत नाही!" म्हणून घाबरायचं नाही, हळूहळू, पण दिवसभर चालतं. कडाक्याची थंडी पडली तर मदतीला टाकीत विजेवर तापणारी एक कॉइल आहे. पंख्याची पेटी स्वयंपाकघराच्या बाजूला, म्हणजे शेजाऱ्यांच्या उशाशी घरघर नको. बाथरूममधलं कपाट काढलं की टाकी बसते.

मग म्हणाली, "टाकी केवढी घ्यायची? घरात माणसं किती?"

एक म्हणू? दोन? महिनाअखेर डोळ्यांसमोर.

आतल्या खोलीतून आवाज आला, "दोन! आणि त्यातली एक आंघोळीला तळं उपसते! मोठीच द्या!"

मुलीने लिहून घेतलं. मी टेपचं दुसरं टोक घट्ट धरून उभी होते, माप घेऊन झालं होतं तरी.

२३ नोव्हेंबर

काल दिवसभर ठोकाठोक. शेगडी बाहेर काढली. जागेवर काळा चौकोन उरलाय.

आज सकाळी जाग आली ती कशाने, कळेना. नाक गार नव्हतं! पाय पांघरुणाबाहेर, आणि ते सुखात होते! कुठे ज्वाळा नाही, धूर नाही, आवाज नाही. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आणि मी अनवाणी. भिंतीला हात लावून पाहिला. भिंतसुद्धा गार लागत नव्हती! माझ्या घराची भिंत!

बाहेर जाऊन पेटीसमोर उभी राहिले. तिच्यातून निघणारा वारा बाहेरच्या हवेपेक्षाही गार. बरोबरच आहे की — ऊब काढून घेतलेली हवा ती! त्या वाऱ्यात कुडकुडत उभी राहिले, देवळात उभं राहावं तशी.

आईंची आंघोळ संपता संपेना. दारावर थाप मारली. आतून, "मेले नाहीये गं! अंगाला पाणी लागतंय म्हणजे काय, ते आज कळतंय!"

२४ नोव्हेंबर

आईंची बोटं गुलाबी.

२९ नोव्हेंबर

आईंनी स्वतः फोन लावला. "न्यायला येऊ नकोस. पाहुणा म्हणून ये हवं तर, स्वेटरशिवाय." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुला वाटलं होतं ना, जाईन म्हणून?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाच माहीत नाही.

"वेडी!" म्हणाल्या. "घर गार होतं गं. मी नव्हते."

८ डिसेंबर

सकाळी घंटा वाजली. दारात त्याची दुसरी बायको. केसांत बर्फ, हातात एक बॅग, ओठ निळे. "मी त्याचं घर सोडलं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आई आहेत?" आई माझ्या मागेच होत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"आधी आत ये," कुणीतरी म्हणालं. "गारठलीयेस." तो आवाज माझा होता!

आता बाथरूममध्ये पाणी पडतंय. आई दाराबाहेर उभ्या राहून ओरडताहेत — "डावीकडचा नळ गरम! आणि जपून वापरू नकोस, पुन्हा तापतं!"