सतरा नंबरच्या ज्वारीची मापं

कडेची ओळ मोजायची नाही, हे बियाण्याच्या कंपनीतल्या इंद्रजीत साहेबांनीच मला शिकवलं. कडेच्या ताटाला ऊन-वारं जास्त, ते उगाच जोमदार दिसतं. मग सतरा नंबरच्या ज्वारीच्या कागदावर कडेच्याच ओळीची मापं कशी? विचारलं तर म्हणाले, "मैनाबाई, आपण टेप धरा, डोकं आम्ही लावतो."

तर मी, मैना दत्तोबा कुंजीर, वय बावन्न, चौथी पास, राहणार लोणी काळभोर, शुद्धीत राहून लिहिते. शनिवारी पोटाचं ऑपरेशन आहे. हात धरून कोणी लिहून घेत नाही, घेऊन बघावं.

एक. दोन खोल्यांचं घर भाची पूर्वाला. दीर तात्याराव आजारपणात तीनदा आले, तिन्ही वेळा भिंती न्याहाळून गेले. त्यांना काही नाही.

दोन. शिलाई मशीन चंपाला. ती अकरा वर्षं माझ्याबरोबर रानात आकडे लिहायची.

तीन. माझ्या अकरा वह्या. बियाच्या पोटात काय आहे आणि रानात काय उगवतं, याचा मेळ घालायचा म्हणून कंपनी ताटाची उंची, पानाची रुंदी, कणसाचं वजन मोजून घेते. कंपनीच्या वह्या कंपनीकडे; या मी घरी उतरवलेल्या. यात सतरा नंबरची आतली ओळ आहे. वाऱ्यात निम्मी ताटं आडवी झाली. कंपनीचा इंग्रजी कागद पूर्वाने हिंजवडीच्या नोकरीवरून आल्यावर मराठीत वाचून दाखवला: "एकही ताट पडले नाही." साहेबांनी गेल्या महिन्यात तीनदा माझ्या वह्या मागितल्या, काँप्युटरात घालायला म्हणे. त्याआधी कधी का नाही मागितल्या? वह्या पूर्वाकडे राहतील. साहेबांच्या हाती द्यायच्या नाहीत, झेरॉक्ससुद्धा नाही.

चार. भाऊ धोंडिबा येत्या रब्बीत तीन एकरात हेच बी पेरणार आहे. त्याने आधी वही बघावी. माझं ऐकत नाही. मेल्यावर तरी ऐकावं.

चंपा म्हणाली, "साहेबांचं नाव नको घालूस बाई, काम जाईल." म्हटलं, "तुझं जाईल म्हणून तुला साक्षीदार नाही केलं."

साक्षीदार: सरोजिनी जगताप, शेजारीण (सही)
जयसिंग काळभोर, दुकानदार (सही)
मैना दत्तोबा कुंजीर (सही)
लोणी काळभोर, पुणे. १४ मार्च २००४

एक प्रत इंद्रजीत साहेबांना. साहेब, सतरा नंबरची मापं कोणत्या ओळीची, आतली की कडेची? शुक्रवार, १९ मार्चच्या संध्याकाळपर्यंत सहीनिशी लिहून कळवा. नाहीतर वह्या शनिवारी सकाळी धोंडिबाच्या ओट्यावर गावासमोर उघडतील, मी असो नसो.