उत्तर: दोन पंचमांश

निर्मलास,

वर ‘प्रिय’ लिहायचं असतं असं बाईंनी शिकवलंय. लिहिलं होतं, खोडलं.

पत्राचं कारण पहिल्याच परिच्छेदात यावं, हेही बाईंचंच. तर ऐक. तुला जाऊन महिना झाला. परवा आपल्या वर्गाचा निरोप समारंभ झाला आणि त्यात तुझी लबाडी उघडी पडली. सोमवारपासून दहावीची परीक्षा आहे. बसायचं की नाही ते दोन दिवस अडलं होतं, आणि अडलं होतं तुझ्यामुळे. तू समोर असतीस तर चार शब्दांत संपवलं असतं. आता पानं भरावी लागतायत.

आधी सांग, हे खूळ कोणाचं? बिबवेवाडीत आपल्या इमारतीखालच्या बाकावर मी नातीची तक्रार करत होते. तिच्या शाळेतून आलेलं पत्रक वाचायला मला इतका वेळ लागला की तिने ते हातातून ओढून घेतलं. म्हणाली, ‘राहू दे आजी, तुला नाही जमायचं.’ मी तुला म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, गुरांमागे कोण जाणार होतं? तू लगेच म्हणालीस, ‘माझीही चौथीच गं. नारायण पेठेत बायकांसाठी दुपारचा वर्ग आहे, दहावी बाहेरून देता येते. दोघी जाऊ.’

लगेच म्हणालीस. आवंढासुद्धा गिळला नाहीस. एवढ्या सफाईने खोटं बोलणारी बाई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा कशी लावत होती?

बुधवार पेठेत पुस्तकं घ्यायला गेलो, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं.

‘नातवासाठी?’

‘आम्हालाच हवीत.’

‘मग दोघींत एकच संच न्या की.’

तू म्हणालीस, ‘दोन द्या. आमच्या वयात एकमेकींसाठी थांबायला वेळ नसतो.’ मग त्याने भूगोलाचं पुस्तक काढलं, तर ते फळीवरून खाली यायच्या आत तू म्हणालीस, ‘अहो, ते इंग्रजी माध्यमाचं आहे.’ बाहेर आल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं? ‘चित्रावरून.’ आणि मी ते ऐकून घेतलं. डोंगराच्या चित्राला कुठलं माध्यम असतं गं?

वर्गात अक्षर काढायचीस ते पहिलीतल्या पोरीसारखं, रेघेच्या खालीवर. आणि अपूर्णांक तर तुला काही केल्या येईनात. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हटलं की वरचे आकडे मिळवायचीस, खालचे मिळवायचीस आणि ‘दोन पंचमांश’ म्हणून मोकळी. मी तुझ्यासाठी भाकऱ्या मोडल्या. एकीची अर्धी ताटात ठेवली, दुसरीचा तिसरा हिस्सा तिच्या शेजारी. म्हटलं, ‘अर्धी तर इथे एकटीच दिसतेय. त्यात आणखी घातलं तर अर्ध्याहून कमी कसं होईल? डोळे कुठे ठेवलेस?’ तू ताटाकडे बघून मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन पंचमांश.

किती बोलले मी तुला. दगड म्हटलं, माठ म्हटलं. तू कान पकडायचीस आणि म्हणायचीस, ‘मथुरे, पुन्हा एकदा सांग.’ मी पुन्हा सांगायचे.

आता तुला खरं सांगते, तू सांगितलं नाहीस तरी. घरी जाताना मी बसमध्ये खुशीत असायचे. अडुसष्ट वर्षांत मी कोणाला काही शिकवलेलं नव्हतं. सुनेला पुरणपोळी शिकवली तर ती मोबाइलवर बघून वेगळीच करते. माझ्यापेक्षा कमी येणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि ते माणूस माझं ऐकत होतं.

मग तू दवाखान्यात गेलीस. तीन दिवस होतीस तिथे, आणि रोज दुपारी मी तुझ्या कॉटशेजारी वही घेऊन बसले होते. सांगायला वेळ नव्हता असं म्हणू नकोस. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, ‘गणित घाल.’ मी घातलं, तेच नेहमीचं. नाकात नळी असताना तू म्हणालीस, ‘दोन पंचमांश.’ आणि मी म्हटलं, ‘जन्मात सुधारणार नाहीस.’ पिशवी उचलली आणि बस गाठायला निघाले.

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. ते माझ्या तोंडून तू काढून घेतलंस. येत असलेलं उत्तर द्यायला काय जात होतं तुझं?

परवाचं सांगते. जानेवारीत शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्या उचलल्या होत्या ते तुला माहीतच आहे. पार्लरमधली रेश्मा त्याला फिशपाँड म्हणते. जिचं नाव येईल तिचं दहा वर्षांनंतरचं भविष्य लिहून डब्यात टाकायचं. तूही टाकलं होतंस. परवा तो डबा उघडला. बाईंनी तुझ्या सुनेला, मेधाला, मुद्दाम बोलावलं होतं. तुझा फोटो टेबलावर, त्याला हार, आणि त्याच टेबलावर सामोशांच्या बशा.

रेश्मा वाचायला उभी राहिली. ‘दहा वर्षांनी सिंधूताई पोलिसात असेल, कारण कोण कोणाचं बघून लिहितंय ते वर्गात तिला एकटीलाच दिसतं.’ सिंधू म्हणाली, ‘दिसतंच मुळी.’ मग माझं. ‘मथुराआजी दहा वर्षांनी बोर्डाच्या अध्यक्ष असतील आणि पेपर काढणाऱ्याला उभं करून विचारतील, हे तुझ्या आईला तरी सुटेल का?’ सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा.

पुढची चिठ्ठी रेश्माने उघडली आणि परत मिटली. ‘ही राहू दे.’

मला कळलं कुठली ते. तुझं नाव माझ्याकडे आलं होतं. म्हटलं, ‘वाच. ती चांगली धडधाकट होती तेव्हा लिहिलेली आहे.’

रेश्माने वाचली. ‘दहा वर्षांनी निर्मला नातीच्या लग्नाचा स्वयंपाक मांडेल. अर्धं वऱ्हाड मुलाकडचं, एक तृतीयांश मुलीकडचं, आणि जेवण करेल दोन पंचमांशांचं.’

बायका डोळे पुसत हसल्या. मेधाने मात्र विचारलं, ‘आईंना अपूर्णांक येत नव्हते? काहीतरीच काय. जुन्या अकरावीला त्या गणितात शाळेत पहिल्या आल्या होत्या. माझ्या मुलीचं दहावीचं गणित त्यांनीच घेतलं की.’

मी बाईंकडे बघितलं. बाई हार सरळ करत होत्या, आणि तो सरळच होता. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

मी सामोसा बशीत ठेवला आणि घरी आले.

निर्मला, माझा नवरा मला आयुष्यभर अडाणी म्हणाला. पण तोंडावर म्हणाला. मी उलट बोलू शकत होते, आणि बोलले. तू काय केलंस? लहान पोराला पत्त्यात जिंकू देतात तसं मला जिंकू दिलंस. मी तुला माठ म्हणत होते तेव्हा मनातल्या मनात कोण कोणाला हसत होतं?

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत. त्या म्हणाल्या, ‘पहिल्या दिवशी निर्मलाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ती एकटी बसायची नाही, तिच्या शेजारी मला बसू द्या. हजेरीत त्यांचं नाव मी पेन्सिलीने लिहायचे.’ परीक्षेचा फॉर्म तुझ्या मुलाने भरला म्हणालीस, तीही थापच होती तर.

मी बाईंना एकच विचारलं. ‘माझी गणितं बरोबर यायची, ती खरंच यायची का? की तेही तुम्ही दोघींनी ठरवलेलं?’

बाईंना राग आला. मला बरं वाटलं. त्यांनी पिशवीतून एक जुना पेपर काढून ओट्यावर ठेवला. ‘हा मीही सोडवलेला नाही. तुम्ही सोडवा. उत्तरं मागाहून पाठवते.’ आणि गेल्या.

दाराला कडी लावून सोडवला. दोन तास गेले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा लगदा झाला. संध्याकाळी उत्तरं आली, नातीकडून ताडून घेतली. अपूर्णांकाची सगळी बरोबर. भूमितीची दोन चुकली. त्या दोन चुकांकडे मी बराच वेळ बघत बसले. एकाही चुकीत कोणाची दया नव्हती. माझ्या मी केलेल्या होत्या.

म्हणजे येतं मला. तू दिलेलं नाही ते. तुला शिकवता शिकवता आलं असेल, आणि हाच तुझा डाव होता असं मेधा म्हणते. असेल. पण डाव टाकायचा तर माणसाला विचारून टाकावा. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस. मला इतकं ओळखत होतीस तर एवढंही ओळखायला हवं होतंस, की हे कळल्यावर माझ्या जिवाला लागेल आणि भांडायला तू नसशील.

तुला माफ केलेलं नाही. घाईही नाही.

सोमवारी जाणार आहे. तुझ्यासाठी म्हणून नाही, हे नीट समजून घे. वचन एवढंच देते. जे येईल ते लिहीन. जे येणार नाही तिथे जागा कोरी सोडीन. येत असताना चुकीचं उत्तर मी लिहिणार नाही, कोणासाठीही नाही.

तुझी
मथुरा
चौथी पास (खरोखरची)