अधिकाचं वाण, दोन सीटांचं

वाशी,
५ जानेवारी १९८६

श्री. अरविंदराव यांना मधुकरचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो; पण दसऱ्यापासून माझा बहुतेक वेळ गाडीखाली उताणं पडून जातो, त्यामुळे पालथं पडायची सवय मोडली आहे.)

इकडे आम्ही सर्व क्षेम. तुमची प्रकृती उत्तम असेलच, कारण ती कधी उत्तम नव्हती असं मला आठवत नाही. सरूताईंचा खोकला गेला का? पुण्यात यंदा थंडी कडाक्याची आहे आणि तरीही तुम्ही पहाटे टेकडीवर जाता, तेही स्वेटर न घालता, असं नानांकडून कळलं. (नाना म्हणजे आपल्या दोघांचे सासरे, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते एकट्या तुमचेच असावेत असं मला अधूनमधून वाटतं, म्हणून आठवण करून दिली.) आमच्या वाशीला अशी थंडी मिळत नाही. खाडीवरून थोडा वारा येतो, त्याच्याबरोबर डास येतात, आणि सकाळी दुधाच्या रांगेत लोक मफलर गुंडाळून उभे राहतात ते केवळ घरात मफलर आहे म्हणून. चांगली थंडीसुद्धा शेवटी तुमच्याच वाट्याला.

गेल्या अधिक श्रावणात नानांनी आपल्याला वाण दिलं, तिथून सगळं सुरू झालं. अधिकात जावयाला द्यायची वस्तू सच्छिद्र असावी अशी रीत आहे. त्याप्रमाणे तुम्हाला चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे आले, छान जाळी पडलेले. (ताट मी तुमची पाठ वळल्यावर उचलून पाहिलं होतं. वजनदार आहे.) मला नाना घरामागच्या शेडमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, "मधू, ही तुला." मी ताडपत्री उचलली, तर खाली त्यांच्या साहेबाची ती विलायती स्पोर्ट्स कार. साहेब मायदेशी जाताना ती नानांच्या गळ्यात घालून गेला आणि तेव्हापासून ठाण्यातल्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. पत्रा असा गंजलेला, की उजेडाकडे धरला असता तर पलीकडचं पेरूचं झाड दिसलं असतं. अनारशांना नव्हती एवढी भोकं तिला होती, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने माझं वाण तुमच्यापेक्षा सरस होतं. एवढं एकच समाधान घेऊन मी त्या दिवशी घरी आलो.

आता मनातलं सांगतो. नाना तुम्हाला 'अरविंदराव' म्हणतात आणि मला 'मधू'. आपण दोघं एकाच मांडवात बोहल्यावर चढलो, एकाच भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, मग हा 'राव' तुमच्याच अंगावर कसा पडला आणि माझ्या अंगावर नुसत्याच अक्षता कशा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तुम्ही येणार म्हटलं की नाना दाढी करून बसतात; मी येणार म्हटलं की सासूबाई दळण काढून ठेवतात. तुम्ही इंजिनिअर, तुमची फियाट, तुम्ही एक हात खिडकीबाहेर ठेवून घाट चढता. मी विमा कचेरीत टपाल आवक-जावक बघतो आणि घाटात मला उलटी होते. हे सगळं मान्य. तरी मी ठरवलं की ही गाडी संक्रांतीपर्यंत दुरुस्त करायची, नानांना शेजारच्या सीटवर बसवून गणपतीच्या देवळापर्यंत न्यायचं आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी 'मधुकरराव' ऐकायचं. बाकी काही नको. (ताटसुद्धा नको. अगदी आग्रह केलात तर गोष्ट वेगळी.)

गाडी ठाण्याहून वाशीला कांद्याच्या ट्रकमधून आली. हे हिरामणने जमवलं. हिरामण बोनकोड्याचा, एपीएमसी मार्केटात ट्रक दुरुस्त करतो. माझ्या घरापुढच्या मोकळ्या जागेत मी पत्र्याची शेड घातली आहे (सोसायटी तिला अतिक्रमण म्हणते, मी गॅरेज म्हणतो), तिथे गाडी उतरवल्यावर तो तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "शेट, ही गारी नाय, चालनी हाय." मला वाटलं, चला, रोगाचं निदान तरी झालं. पण हिरामणला ट्रकच येतो. गाडीची प्रत्येक वस्तू त्याला लहान वाटायची. स्टिअरिंग हातात घेऊन तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मूळ हॉर्न बिघडला होता म्हणून त्याने मला न विचारता ट्रकचा बसवला. तो दाबला की आमच्या ओळीतली सगळी बाळं एकदम उठतात. कांद्याची सालं मात्र अजून निघताहेत. काल मीटर उघडला, त्यातही एक होतं.

दिवाळीपर्यंत मी इंजिन खोललं. तुम्ही पत्रातून सल्ला धाडला होता, 'प्रत्येक भाग ओळीने मांडून ठेवा', आकृतीसकट. (तुमची आकृती नानांनी माझ्याकडून मागून घेतली आणि पाकिटात जपून ठेवली आहे. माझ्या लग्नाचा फोटो त्यांना सापडत नाही.) ओळीने मांडायला माझ्याकडे जागा कुठे? म्हणून मी वैजयंतीच्या डब्यांत मांडले. मोहरीच्या डब्यात वायसर, चकलीच्या डब्यात स्प्रिंगा, असं. भाऊबीजेच्या पोह्यांत माझ्या मेव्हण्याला एक नट लागला. त्याला तो खोबऱ्याचा तुकडा वाटला आणि त्याने दाढेचा प्रयोग केला. वैजयंती एका शब्दानेही रागावली नाही. ती हल्ली कशालाच रागावत नाही, कारण दिवाळीपासून ती रोज सकाळी शिवणाच्या क्लासला जाते आणि फुललेला चेहरा घेऊन परत येते. माझा चेहरा काळा आणि हिचा फुललेला, हे बघून मला त्या क्लासचाही हेवा वाटायला लागला आहे. इतके दिवस जाते, पण घरात उशीचा एक अभ्रासुद्धा शिवून झालेला नाही. सराव मात्र दांडगा. जेवताना टेबलाखाली डावा पाय दाबते आणि हळूहळू सोडते. विचारलं तर म्हणते, मशीनची सवय.

इंजिन परत जोडून झाल्यावर मूठभर भाग उरले. तुमच्या पत्रात 'काहीही उरता कामा नये' या वाक्याखाली रेघ मारलेली होती, म्हणून ते मी पायजम्याच्या खिशात घालून हिंडत होतो. नाना दर रविवारी ठाण्याहून येतात, शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि मी एखादा स्क्रू पिळला की सांगतात, "अरविंदराव एकदाच फिरवतात." माझ्या चालण्याला खुळखुळ आवाज येतोय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मी सांगितलं, किल्ल्या आहेत. ते म्हणाले, "मधू, एवढ्या किल्ल्या? कुलपं लावण्यासारखं तुझ्याकडे काय आहे?"

रंगाची हकीकत वेगळीच. मला बाटलीसारखा हिरवा हवा होता. हिरामणच्या ओळखीचा पेंटर गोटीराम आला; तो ट्रक रंगवतो, आणि त्याच्या डब्यात त्या दिवशी केशरी होता. ओल्या रंगावर खाडीचे डास येऊन बसले आणि तिथेच वाळले, त्यामुळे पृष्ठभाग हाताला थोडा खरखरीत लागतो. लांबून नक्षी वाटते. गाडी कोणी दिली असं गोटीरामने विचारलं होतं. मी साधेपणाने सांगितलं, सासऱ्यांनी. संध्याकाळी बघतो तर मागच्या बाजूला, दोन गुलाबांच्या मधे, पिवळ्या अक्षरांत 'सासऱ्यांचा आशीर्वाद'. मला वाटलं, वाईटातून चांगलं निघालं, नाना विरघळणार. रविवारी नाना आले, चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं, डोळे खरंच पाणावले, आणि म्हणाले, "अक्षर थेट अरविंदरावांच्या वळणाचं आहे." मी आत जाऊन पाणी प्यालो. गोटीरामने खाली काळी बाहुलीही टांगून दिली आहे, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. तिच्याकडे बघून मला भरून आलं. आजवर दृष्ट लावायचं काम मीच केलं; माझ्या वस्तूला कोणाची लागेल, अशी शंका आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी आली.

नाताळच्या सुट्टीत गाडी सुरू झाली. खोटं सांगत नाही, अरविंदराव, सुरू झाली! आधी खोकली, मग एक मोठा बार काढला, मग शेडचे पत्रे थरथरायला लागले आणि धुरातून असा काही दणदणीत आवाज आला, की शेजारच्या दुर्गाबाई पोळ्या टाकून बाहेर धावल्या. हिरामण नाचला. मी नानांकडे बघितलं. दोन महिने ज्या शब्दासाठी उताणा पडलो होतो तो आता येणार, असं मला वाटलं. नाना खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ मधू, अरविंदरावांनी लिहिलं होतं तस्सं केलंस म्हणून झालं की नाही?" मी इंजिन बंद केलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुमचा हेवा मी याआधीही करत होतो, पण तो वरवरचा होता. त्या दिवसापासून मनापासून करायला लागलो. राग मानू नका. तुमची यात काहीच चूक नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

असो. संक्रांतीला तुम्ही उभयतांनी अगत्य यायचं आहे. नानांनी त्या दिवसासाठी टोपी विकत घेतली आहे. कार्यक्रम साधा: सकाळी गाडीला हार, चाकाखाली लिंबं, मग मी स्टिअरिंगवर, नाना शेजारी, आणि तुम्ही सर्वांनी फाटकाशी उभं राहून बघायचं. सीटा दोनच आहेत, त्याला माझा नाइलाज आहे. सरूताईंना नमस्कार.

आपला,
मधुकर

ता. क. अनारशांचा रिकामा डबा सासूबाईंनी परत मागितला आहे. येताना आणावा. (ताट कोणी मागितलेलं नाही.)

ता. क. २ वर 'मी स्टिअरिंगवर' असं लिहिलं आहे, त्याबद्दल थोडा खुलासा. मला गाडी चालवता येत नाही. हे कोणालाच ठाऊक नाही, कारण कोणी विचारलंच नाही. गाडीखाली झोपणाऱ्याला ती चालवताही येत असणार असं सगळे धरून चालले. एकदा शेडमध्येच प्रयत्न केला, तर तिने मागे उडी घेतली आणि तुळशीवृंदावन वाकडं झालं. (वैजयंतीला मांजराचं नाव सांगितलं आहे.) मग गुपचूप मोटार ट्रेनिंग स्कूल गाठलं. तिथे मैदानात डोक्याला रुमाल आणि डोळ्यांना काळा गॉगल लावलेल्या एक बाई दोन पिंपांच्या मधून गाडी उलटी नेत होत्या, इतक्या सफाईने, की माझ्या पोटात दुखायला लागलं आणि मी नाव न घालताच परत आलो. तरी कृपा करून आदल्या दिवशी या. माझ्या हातात चमक भरली आहे असं आपण नानांना सांगू आणि तुम्ही गाडी चालवा. म्हणजे तुम्ही आणि नाना आत, आणि फाटकाशी नारळ घेऊन मी. हे लिहिताना मला काय होतंय ते तुम्हाला कळणार नाही.

ता. क. ३ एवढं कराच. देवळाशी पोचल्यावर नानांना ऐकू जाईल असं सहज म्हणा, 'मधुकररावांनी गाडी छान केली.' तुमचं बोलणं ते उचलतात.

भाऊजींना वैजयंतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहिते. तुम्ही आणि ताई नक्की या, पण गाडी चालवायला नको. त्या रुमालवाल्या बाई मीच. गेल्या आठवड्यात लायसन्स मिळालं. घरात गाडी होतेय आणि ती चालवणार कोण, हा प्रश्न मला दिवाळीतच पडला होता. मांजर आम्ही पाळलेलं नाही. नानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "तू चालवणार, तर पहिल्यांदा शेजारी मधुकररावांना बसव. मी नारळ फोडतो." होय, मधुकरराव. मी मुद्दाम पुन्हा विचारून घेतलं. यांतलं काही संक्रांतीपर्यंत यांना कळू देऊ नका. कळलं तर तुम्हाला सोडून माझा हेवा करत बसतील, आणि ब्रेक अजून जोडायचे आहेत.